सात पायजम्यांचा समुद्र

लातुरात राहून घरात समुद्र ठेवणं शहाणपणाचं नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी बरेच जण सांगून गेले. ज्या गावात नळाला कधी आठ दिवसांनी, कधी दहा दिवसांनी पाणी येतं, आणि ते आलं की माणसं अर्ध्या दिवसाची रजा टाकून घराकडे पळतात, तिथं मी पुढच्या खोलीत चार फुटी काचेच्या टाकीत तीनशे लिटर पाणी भरून ठेवलं होतं. तेही असं की तहानेनं जीव चालला तरी घोटभर पिता यायचं नाही.

दोष बदलीचा. बँकेनं मला तीन वर्षं कोकणात पाठवलं होतं. मी तशी तुसडी बाई. ऑफिस सुटलं की कुणाकडे जाणं-येणं नाही, म्हणून एकटीच धक्क्यावर जाऊन बसायची. भरतीला पाणी नितळ असलं की खाली बोटाएवढे मासे दिसायचे, शेकड्यांनी. एकानं वळायचं ठरवलं की सगळे वळलेले असायचे. कोण पुढारी, कोण मागचा, काही कळायचं नाही. मला स्वतःला चार माणसांत मिसळता येत नाही. पण असं मिसळून राहिलेलं कुणी दिसलं की बघत बसावंसं वाटतं. लातूरला परत आले, लोह्याकडच्या खेड्यातून आईला कायमची घेऊन आले, आणि वर्षभरात ही टाकी घरात आली.

खाऱ्या पाण्याचे मासे म्हणजे रोजची चाकरी. फिल्टरचं शुद्ध पाणी बादलीत घ्यायचं, त्यात समुद्राचं मीठ विरघळवायचं, मापकानं खारटपणा बघायचा, मग टाकीत घालायचं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. शिवाय आमच्या उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि मीठ खाली राहतं, म्हणून रोज सकाळी दोन तांबे गोडं पाणी वरून भरावं लागतं. पहिल्या उन्हाळ्यात आईनं चार दिवस हे नुसतं पाहिलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, "इतकं पाणी पिऊन राहिले व्हय गं हे?"

आईपुढे पाण्याचा विषय जपून काढावा लागतो. ती लहान असताना गावच्या विहिरीवर आमच्या लोकांनी लांब उभं राहायचं असे. कुणा बाईला दया आलीच तर ती वरून ओतणार, आणि खाली ओंजळ किंवा घागर धरायची. ओतणारीचा मूड गेला की अर्ध्या घागरीवर परत फिरायचं. आई हे फार सांगत नाही. पण माझं कळतं वय झाल्यापासून आमच्या घरात एक नियम आहे: दारात आलेल्याला पाणी नाही म्हणायचं नाही. परीक्षा असो, ताप असो, टाकी कोरडी असो, दारात आलेल्याला पाणी द्यायचं. हा नियम मी मोडला, आणि तोही माशांपायी.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. समोरच्या वहिनींकडे उदगीरहून पाहुणे आलेले. वहिनी तिकडच्याच, जमीनजुमला असलेल्या घरच्या, आणि आमच्या गल्लीच्या टँकरवरच्या मुख्य. टँकर आला की कुणाचा नंबर कितवा, कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे म्हणून त्याला आधी, हे सगळं त्यांच्या डोक्यात. नऊ घरं त्यांचं मुकाट ऐकतात. त्या दिवशी त्या दोन घागरी घेऊन आमच्या दारात आल्या. मी टाकीजवळ मापकात डोळा घालून उभी होते.

"मॅडम, दोन घागरी द्या. टँकर आला की भरून देते."

मी मान वर न करता म्हणाले, "हे पाणी नाही देता यायचं."

एवढंच. हे खारट आहे, माठातलं देते, बसा, यातलं काही नाही. त्यांनी तीनशे लिटर पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं होतं की मॅडमकडे माशांना पाणी आहे, माणसांना नाही.

आईला ते भाजीवाल्याकडून कळलं. ती माझ्यावर ओरडली नाही, हेच वाईट. खाटेवर बसून खालच्या आवाजात म्हणाली, "तसल्या घरची बाई आपल्या घरचं पाणी मागायला आली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. आन तू तिला न्हाई म्हणलीस." मग उठली, टाकीतलं पाणी वाटीत घेतलं आणि गुडघे धरत रस्ता ओलांडून गेली. मी दारातून बघत होते. वहिनींनी बोट बुडवून जिभेला लावलं, थू थू करत बाजूला थुंकल्या आणि हसत सुटल्या. "अगं आई गं, मावशी! हे तर निस्तं मीठच हाय!" आईचं आणि त्यांचं त्या दिवसापासून जमलं. मी मात्र माफी मागितली नाही. मागायला हवी होती, हे मला त्याच वेळी कळत होतं. पण जीभ रेटली नाही, आणि मग दिवस गेले तशी ती आणखी जड होत गेली.

टाकीत तेव्हा आठ हिरवे मासे होते. हिरवट निळी झाक असलेले, बोटाएवढे. धक्क्यावरून दिसायचे तसे झुंडीनं राहतील म्हणून मी ते हैदराबादहून मागवलेले. पहिला महिना फार सुंदर गेला. आई सकाळी चहाचा कप घेऊन टाकीसमोर बसायची आणि मोजायची. मग एके दिवशी एक जण कोपऱ्यात दिसायला लागला. बाकीचे त्याला खाण्याजवळ येऊ देईनात. तो आला की एक मोठा मासा अंगावर धावायचा, मग दुसरा, मग सगळेच. दगडामागे लपून लपून त्याची शेपटी फाटली आणि आठवड्यात तो मेला. सुटले एकदाचे, असं मला वाटलं. दहा-बारा दिवसांत त्यांनी पुढचा निवडला.

नंतर मी वाचलं की या जातीचं लहान टाकीत असंच होतं. समुद्रात शेकडो असतात, पळायला जागा असते. चार फुटांत राग काढायला त्यांना एक दुबळा लागतो, तो संपला की पुढचा. मी हे आईला शास्त्रीय भाषेत समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"म्हंजे वाळीत टाकत्यात," ती म्हणाली. "यांच्यातबी हायच ते."

आठाचे पाच झाले, पाचाचे तीन. आईनं चहा स्वयंपाकघरात प्यायला सुरुवात केली. शेवटी एकटा उरलेला मोठा मासा मी दुकानाला परत दिला, आणि सहा महिने टाकीत नुसते दगड आणि पाणी होतं. मोडीत काढावी असंही मनात आलं. पण आईच एकदा म्हणाली, "असे कुणीच न्हाईत व्हय, जे कुणाला काढत न्हाईत?" ती हे माशांबद्दलच विचारत होती, असं मी स्वतःला सांगितलं आणि शोधायला लागले.

सापडले ते पायजमे. दुकानदार त्यांना पायजमाच म्हणतात. पुढून पिवळसर तोंड, लाल डोळे, मध्ये काळा पट्टा, आणि मागचं अंग ठिपक्याठिपक्यांचं, कुणी घाईत झोपायचा पायजमा चढवून आल्यासारखं. पोहण्याची हौस नाही. दिवसभर एका जागी तरंगत उभे, एकमेकांपासून वीतभर अंतर राखून, सगळ्यांची तोंडं एकीकडे. स्वभावानं सालस. फक्त सगळे एकाच दिवशी टाकीत सोडायचे. एकेक करून आणायचे नाहीत. सात मागवले. हैदराबादहून उदगीरमार्गे येणाऱ्या गाडीनं थर्मोकोलचा डबा आला. औषधांच्या दुकानातून आणलेल्या सलाईनच्या नळीनं टाकीचं पाणी थेंब थेंब त्यांच्या पिशवीत सोडत मी दोन तास बसले, आणि मग सातही एकदम आत सोडले.

आई लांबूनच बघत होती. आठवडा गेला, पंधरवडा गेला. सात. महिना गेला. सात. ती चहा घेऊन परत टाकीसमोर आली. "हे चड्डीवाले बरे हायत," म्हणाली. तिची सकाळ त्या आकड्यानं सुरू व्हायची. मी आंघोळीला असले तरी बाहेरून आवाज यायचा, "सात हायत गं!" आणि मला ऑफिसला जाताना उगाच हलकं वाटायचं. वर्ष असं गेलं.

मग या मे महिन्यात एके सकाळी आवाज आला नाही. बाहेर येऊन पाहिलं तर आई काचेला नाक लावून उभी होती. सहा जण नेहमीच्या जागी, आणि सातवा डाव्या कोपऱ्यात, दगडाच्या आडोशाला, एकटा. खाणं टाकलं. सहा जण आले, खाल्लं. तो जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी रात्रंदिवस रोगांची यादी वाचत होते: पांढरे ठिपके, जंत, पोट फुगणं. एकही लक्षण जुळेना. त्याच्या मागे कुणी धावतानाही दिसत नव्हतं. पण आईनं निदान केव्हाच केलं होतं आणि तिच्या मागोमाग माझंही तेच झालं होतं. चहा परत स्वयंपाकघरात गेला होता. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाली, "लई दिवस लागले यांना. पर काढलंच शेवटी." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला मी एक काचेची पेटी आणून दिली होती, आणि तिनं तिथंही तेच बघायचं का? मी ठरवलं की रविवारी त्याला जाळीनं काढून वेगळ्या बादलीत ठेवायचं. निदान तिच्या डोळ्यांसमोर मरायला नको.

शनिवारी संध्याकाळी वादळ आलं. पत्रे उडाले, झाडं पडली, लाईट गेली. इन्व्हर्टरनं रात्र काढली आणि रविवारी सकाळी आठला मान टाकली. टाकीतलं पाणी थांबलं. सेलवर चालणारा हवेचा पंप मी अशाच वेळेसाठी आणून ठेवलेला. बघते तर आतले सेल गळून तो कधीच गंजला होता. लातूरला नावं ठेवणारी मी, आणि माझी तयारी ही अशी. पाणी हललं नाही तर त्यात हवा मिसळत नाही, आणि मे महिन्यात तर मासे दोन-चार तासांत गुदमरतात. साडेनऊला सगळे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. कोपऱ्यातलाही आला.

मी तांब्यानं पाणी काढून वरून ओतायला लागले. धार पडली की हवा मिसळते. अर्ध्या तासात खांदा भरून आला. हात बदलला. आई म्हणाली, "समोर सांग." मी म्हणाले, "नको, होतंय." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर तांब्यात घातली. मग ती फाटकापाशी गेली आणि उभ्या आयुष्यात तिनं काढला नसेल एवढा आवाज काढला, "अगं ए बाई! आमचे मासे मरून राहिले गं!"

वहिनी पदर खोचत आल्या. "काय करलालाव मॅडम? काय करायचं ते सांगा."

"पाणी वरून ओतत राहायचं," मी म्हणाले. "लाईट येईपर्यंत."

"रिंगरोडला चार खांब आडवे झाल्यात. दिवस मावळूस्तर काय येत न्हाई लाईट." त्यांनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. "एकटीचं काम न्हाई हे. नंबर लावावं लागतंय."

आणि त्यांनी नंबर लावला. जसा टँकरला लावतात तसा, नऊ घरांचा, डोक्यातल्या डोक्यात. एका घराची वीस मिनिटं. मी एकच अट घातली होती की हात साबणानं नको, नुसत्या पाण्यानं स्वच्छ धुवून या. तर प्रत्येक जण आपापल्या घरचं पाणी मगात घेऊन आला आणि माझ्या पायरीवर हात धुतले, माझ्या माठाला हात न लावता. त्या आठवड्यात नळाला पाणी आलेलं नव्हतं. कोपऱ्यावरचे निवृत्त ड्रायव्हर ओतताना सारखं म्हणायचे, "मॅडम, गाडी गरम होऊन राहिली," आणि खरंच होत होती. मग कुणीतरी ओलं गोणपाट आणून काचेला बाहेरून गुंडाळलं, रांजणाला गुंडाळतात तसं, आणि कुणाच्या फ्रीजमध्ये उरलेल्या बर्फाच्या बाटल्या पाण्यावर तरंगायला आल्या. "माशांना पाणी आहे, माणसांना नाही" असं म्हणणारी हीच माणसं. मी दारात उभी राहून प्रत्येकाचे आभार मानत होते, आणि एकदा सुरू झाल्यावर मला ते थांबवता येईना.

दुपारी वहिनींनी पुढचं घर पुकारलं तेव्हा आई म्हणाली, "माझा नंबर कुठाय?"

"मावशी, तुम्हाला सूट हाय. म्हाताऱ्या माणसाला टँकरवरबी सूट असती."

"सूट नको. नंबर लाव."

तिला खुर्ची दिली. तिनं दोन्ही हातांनी तांब्या धरला, वर उचलला आणि धार सोडली. सावकाश. सगळी वीस मिनिटं. लहानपणी जे पाणी खालून घेतलं ते आज ती वरून ओतत होती, हे माझ्या मनात आलं आणि तिच्याही आलं असावं, कारण तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. खाली सात तोंडं उघडी होती.

दिवे लागायच्या वेळेला लाईट आली. पंप घरघरला, टाकीवरचा दिवा लागला, गल्लीत पोरासोरांचा ओरडा झाला. वहिनींचाच नंबर चालू होता. त्यांनी तांब्या खाली ठेवला, कंबरेवर हात देऊन वाकल्या आणि काचेत बघायला लागल्या. सहा जण हळूहळू खाली उतरत होते. सातवा पुन्हा कोपऱ्यात गेला.

"ह्याच्या तोंडात काय हाय हो?" त्या म्हणाल्या. "पान खाल्ल्यावानी गाल फुगलाय."

मी मोबाईलचा उजेड लावला. त्यानं तोंड जरा उघडलं, आतलं काहीतरी उलटंपालटं केलं आणि परत मिटलं. आत मोहरीहून बारीक दाण्यांचा गच्च गोळा. मी हे वाचलेलं होतं! विकत घ्यायच्या आधी वाचलेलं होतं, आणि पाच दिवस एकदाही आठवलं नाही.

"अंडी आहेत," मी म्हणाले. "तोंडात सांभाळतो. फुटेपर्यंत काही खात नाही, गिळली जातील म्हणून. पाच दिवस झाले."

"सांभाळतो? मादी न्हाई?"

"बाप आहे."

"बाप?" वहिनी एवढ्या मोठ्यानं हसल्या की ड्रायव्हरकाका फाटकातून परत आले. "आन पाच दिवस उपाशी? आमच्या घरच्याला आणून दाखवते थांबा."

ती पिल्लं काही टिकली नाहीत. घरच्या टाकीत ती टिकत नाहीतच. चार दिवसांनी त्याचं तोंड रिकामं झालं, तो पोटभर जेवला आणि सहा जणांत आपल्या जुन्या जागी जाऊन उभा राहिला. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी आई खुर्चीवरून उठून काचेपाशी आली होती.

"म्हंजे याला कुणी काढलं न्हवतं?" तिनं मला विचारलं.

"नाही आई."

"सोताच बसला व्हता?"

"हो. लेकरांसाठी."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. तिला असं रडताना मी वडील गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. मला काय करावं सुचेना. मला कधीच सुचत नाही. वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. सकाळपासूनच्या खाऱ्या पाण्यानं त्या हाताची बोटं पांढरी, सुरकुतलेली झाली होती.

"वहिनी," मी म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला..."

"राहू द्या ताई," त्या म्हणाल्या. मग आईकडे वळल्या. "मावशी, रडू नका. मला प्यायला पाणी द्या. दोन वर्षं झाली, मागितलेलं हाय मी."

मी आत निघणार तोच आईनं हातानं थांबवलं. ती स्वतः आत गेली, माठातून तांब्या भरून आणला, पदरानं बुड पुसलं आणि दोन्ही हातांनी पुढे केला. आमच्याकडे परक्याच्या घरी पाणी वरून पितात, तांब्या ओठांना लागू देत नाहीत. वहिनींनी तांब्याला तोंड लावलं आणि डोळे मिटून घटाघटा प्यायल्या.

"अजून देऊ?" आईनं विचारलं.

"द्या की," वहिनी म्हणाल्या आणि तांब्या पुढे केला.